शेवटच्या तासाच्या बाई

रावसाहेबांनी मोहिते बाईंना फसवलं, आणि फसवताना जीभ माझी वापरली. हे आधीच सांगून टाकतो. माझा धंदा गवताचा. गाठ वरून कितीही सुकी दिसली तरी आतून ओली निघते, म्हणून शहाणं गिऱ्हाईक आधी गाठ फोडायला लावतं. ही गाठ मीच आधी फोडून ठेवली आहे.

रावसाहेब म्हणजे आमच्या लोणावळ्यातल्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन. बाई त्या शाळेत भूगोल आणि गणित शिकवायच्या. मी त्या कमिटीतला एक सभासद. माझं शिक्षण चौथी. टाकव्याहून डोक्यावर गवताचे भारे आणत आणत स्टेशनाजवळ वखार घातली, गाठी दाबून बांधायचं यंत्र घेतलं, आणि मुंबईच्या तबेल्यांना गवत धाडू लागलो. शाळेच्या छपराचे पत्रे मी घासाघीस करून आणून दिले म्हणून मला कमिटीत घेतलं. तिथे शिकलेली माणसं बोलायची आणि मी भाव पाडायचो. माझ्यापुढे आपला भाव पाडू न देता उठलेलं माणूस मी एकच पाहिलं, त्या मोहिते बाई.

बाई बुटक्या होत्या, चालणं भराभर, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचलेला. हातात लाकडी मुठीची काळी छत्री बारा महिने. पावसाळ्यात ती छत्री कुणातरी पोराच्या डोक्यावर असायची आणि बाई शेजारून भिजत चालायच्या. बाकीचे आठ महिने तिच्या टोकाने नकाशावरच्या नद्या दाखवायच्या. डबा उभ्याउभ्याच खायच्या. खिडकीत उभं राहून, मैदानाकडे बघत. बाकीच्या शिक्षकांना वाटायचं, बाई पोरांवर पहारा ठेवतात. पोरांना वाटायचं, बाईंना खुर्ची मिळत नाही.

उशिरा आलेल्या मुलाला सगळे मास्तर विचारायचे, उशीर का झाला. बाई विचारायच्या नाहीत. "आलास ना? बस," एवढंच. हेडमास्तरांनी एकदा याबद्दल टोकलं, तर म्हणाल्या, कारण विचारलं की पोर खोटं बोलतं, मग मला दोन गोष्टी सुधाराव्या लागतात.

त्यांच्या वर्गात कोपऱ्यात एक कपाट होतं. त्यात हरवलेल्या वस्तू. कंपासपेट्या, एकेकटे बूट, टोप्या, आणि छत्र्या तर ढीगभर, कारण आमच्याकडे पाऊस तसा. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, कुठे सापडली ती. शाळा सोडून गेलेल्या पोरांच्या छत्र्यासुद्धा त्यात होत्या. शिपाई दगडू दर उन्हाळ्यात म्हणायचा, बाई, हे भंगारात देऊ का. बाई म्हणायच्या, मालक येतोच.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या मुलीमुळे.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. इंदू नववीत होती. श्रावणात तिची झोप गेली. मग बोलणं गेलं. मग ती कणगीमागे बसून राहू लागली; रस्त्यावरून जाणारी माणसं आपल्या मनातलं वाचतात, असं आईला सांगू लागली. मी आधी तेच केलं जे सगळे करतात. अंगारा झाला, उतारा झाला, देवऋषी झाला. शेवटी रेल्वेच्या डॉक्टरने मला बाजूला घेतलं आणि पुण्याला मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. कसलं इस्पितळ ते त्याने नाव न घेता सांगितलं आणि मला कळलं. लोकांना आम्ही सांगितलं, इंदू मावशीकडे गेलीय. लोकांनी मान डोलावली आणि ज्याला जे कळायचं ते कळलं.

थंडी पडली तेव्हा ती घरी आली. अंगाने भरलेली, गोळ्यांनी जड झालेली, पण आमची इंदू. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला घरात बसवू नका, शाळेत घाला. मी शाळेत गेलो. हेडमास्तर म्हणाले, मुलगी पूर्ण बरी आहे आणि वर्गाला तिचा त्रास होणार नाही, असा कागद आणा. मी म्हणालो, असा कागद तुमच्या वर्गातल्या बाकीच्या पोरांचा आणलाय का कुणी? आवाज चढला. माझा चढला की वखारीतले बैल कान टवकारतात. खोलीबाहेर पोरं जमली.

बाहेर आलो तर व्हरांड्यात बाई उभ्या. म्हणाल्या, "किसनराव, आवाज वखारीत ठेवून या. मग आपण बोलू."

मी दुसऱ्या दिवशी आवाज ठेवून गेलो. बाई म्हणाल्या, इंदूला शेवटच्या तासाला आणा. मला ते खटकलं. मी म्हणालो, "बाई, एका तासानं काय व्हतंय? अर्धा दिस तरी बसू द्या तिला."

"मग तासही नको. फक्त घंटेला आणा."

"अवो, मी वर मागतोय."

"मी ऐकतेय. अजून मागा, म्हणजे मी गेटापर्यंत खाली येईन."

आयुष्यभर मी घासाघीस केली. पण मी वर ओढतो आणि समोरचं माणूस खाली खाली जातं, हा व्यवहार मी पाहिला नव्हता. मग त्यांनी कारण सांगितलं. सकाळी शाळेत येताना प्रत्येक मूल एकटं येतं आणि सगळ्यांची नजर दारावर असते. सुटताना कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं, जो तो घराकडे पळतो. त्या गर्दीत मिसळून चौघींबरोबर घरी जाता आलं, की ती मुलगी शाळेची झाली. "इस्पितळातून कुणी चौघींबरोबर घरी येत नाही, किसनराव," त्या म्हणाल्या.

तर इंदू शाळेत पुन्हा गेली ती अशी, उलटी. पहिला आठवडा नुसती सुटण्याच्या घंटेला. पाण्याच्या टाकीजवळ उभी राहायची, घंटा व्हायची, पोरींचा लोंढा यायचा आणि तिला घेऊन बाजारपेठेतून खाली यायचा. मी समोरच्या पिठाच्या गिरणीत दळण आणल्यासारखा उभा राहायचो. दुसऱ्या आठवड्यात शेवटचा तास. मग शेवटचे दोन. वर्गाला बाईंनी एकच ताकीद दिली होती: इंदूला काही विचारायचं नाही. तुम्ही सांगायचं. ती नसताना इथे काय काय झालं ते सगळं सांगायचं.

पोरींनी ते अती मनावर घेतलं. टाकीत साप निघाला तो, कवायतीच्या मास्तरांचं धोतर खिळ्याला अडकलं ते, गॅदरिंगमध्ये राजा झालेली मुलगी मुकुटासकट स्टेजवरून पडली ते. एकीने सांगितलं की दुसरी म्हणायची, तसं नव्हे, मी सांगते. इंदूने घरी येऊन आईला सापाची गोष्ट तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली आणि तिसऱ्या वेळी ती हसली. मी ओट्यावर होतो. आत गेलो नाही. गेलो असतो तर हसू थांबलं असतं.

संक्रांतीनंतर ती पूर्ण दिवस बसू लागली. सगळं सरळ झालं असं नाही. एकदा भर वर्गातून उठून बाहेर गेली. बाई मागे धावल्या नाहीत. वर्गाला गणितं घातली, पेपरांचा गठ्ठा उचलला आणि मागच्या पायरीवर इंदूशेजारी जाऊन तपासत बसल्या. थोड्या वेळाने लाल पेन्सिल तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, बेरजा कर. इंदूने केल्या. म्हणाली, बाई, हिला तीन मार्क जास्त दिलेत. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, खरंच की. गणिताच्या बाईंची बेरीज चुकली कशी, की मुद्दाम चुकवली, हे मला आजही सांगता येत नाही. कारण पुढे त्यांची एक मोठी चूक झाली आणि ती मुद्दाम नव्हती.

शाळेचा हजेरीपट मी पहिल्यांदा नीट पाहिला तो तेव्हाच. इंदू नव्हती त्या महिन्यांत तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण नव्हती. पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. आणि अधूनमधून, मोजून ठेवल्यासारखी, शाईने हजेरी. मुलगी लागोपाठ फार दिवस गैरहजर राहिली की नियमाने नाव कमी होतं. नाव कमी झालं की पुन्हा दाखल करायला अर्ज, आणि अर्जात कारण. ते कारण टाळायला बाई खोटी हजेरी लावत होत्या. रोज हजेरी घेताना इंदूचा नंबरही पुकारायच्या, आणि वर्ग म्हणायचा, येणार आहे.

मी एकदा विचारलं, तुम्ही हे का करता. मला वाटलं होतं घरात कुणीतरी असेल, भाऊ, बहीण, काहीतरी दुखणं. बाईंनी त्या कपाटाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "छत्र्या ठेवते, मग मुलगी कशी फेकू?"

इंदूनंतर आणखी दोघं-तिघं अशी परत आली. गावात बाईंना नाव पडलं, शेवटच्या तासाच्या बाई. काहींनी ते चेष्टेने ठेवलं होतं.

मग सोमा आला. कुरवंड्याच्या वरच्या वाडीतला, आईबाप मजुरीला जाणारे, वाडीतून हायस्कुलात आलेलं पहिलं पोर. आठवीत होता. सहा महिने पुण्याच्या इस्पितळात राहून आला. त्याच्या आईने बाईंच्या दारात बसून सांगितलं, "बाई, त्याला लय भ्या वाटतंया. म्हनतोय, पोरं हासत्याल. तुमी म्हनाल तसं करू, पन त्याला शाळंत घ्या. घरी बसला तर पुन्यांदा जाईल." बाई म्हणाल्या, त्याचं नाव शाळेतच आहे, कुठे गेलेलं नाही.

ते खरं होतं, कारण बाईंनी ते ठेवलं होतं. पण तोवर हेडमास्तर नवे आले होते, आणि त्याच महिन्यात शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. त्यांनी हजेरीपट चाळला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. चैत्रातल्या जत्रेची शाळेने ऐनवेळी सुट्टी दिली होती. त्या दिवसाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा, आणि कोऱ्या रकान्यात एकटा सोमा हजर.

बाईंनी महिनाअखेरीला एका बैठकीत खुणा केल्या असणार आणि सुट्टी विसरल्या असणार. जन्मभर खरं बोललेलं माणूस खोटं करायला गेलं की असंच करतं. मी असतो तर पोराला तापाने आजारी दाखवला असता.

इन्स्पेक्टर शेरा लिहून गेले. काय करायचं ते कमिटीने ठरवायचं. रावसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. झोपाळ्यावर बसले होते. चहा झाला. म्हणाले, प्रकरण वाढवायचं नाही. बाई चांगल्या आहेत. त्यांनी चूक झाली असं चार ओळींत लिहून द्यावं, आपण ताकीद देऊ आणि फाईल बंद करू. नाहीतर मागचे हजेरीपट काढावे लागतील. "किती मागे जायचं ते आपल्या हातात राहणार नाही, किसनराव," ते म्हणाले, आणि झोपाळ्याला पायाने हलका रेटा दिला.

ते का म्हणाले, मला कळलं. मागच्या पटांत इंदूचे ठिपके होते, आणि तिचं लग्न तळेगावात ठरत होतं. त्या घराला इस्पितळाची गोष्ट माहीत नव्हती.

मी म्हणालो, पत्र आणतो, पण बाईंची नोकरी राहिली पाहिजे. रावसाहेबांनी हात पुढे केला. मी त्यावर हात मारला. आमच्याकडे बैलाचा सौदा असो की अख्ख्या डोंगराच्या गवताचा, हातावर हात पडला की संपलं. वीस वर्षांत माझा असा सौदा मोडला नव्हता. मोडणाऱ्याला मावळात दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही.

मी बाईंकडे गेलो. दोन खोल्या, एका खोलीत पुस्तकं. मी सगळं समजावलं. ताकीद मिळेल, नोकरी राहील, रावसाहेबांनी हात दिलाय. बाईंनी ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या.

"सोमाचं नाव पटावर राहील?"

"ऱ्हाईल. मी बघतो."

"आणि जुने हजेरीपट कुणी उघडणार नाही?"

नाही उघडणार, अशी मी मान हलवली. इंदूचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं. चार ओळी नाही, दोनच. हजेरी मी लावली, मुलाचा दोष नाही, त्याचं नाव ठेवावं. खाली सही. कागद घडी करून देताना म्हणाल्या, "किसनराव, आज तुम्ही घासाघीस केली नाहीत."

तो टोमणा होता हे मला जिना उतरल्यावर कळलं. तरी मी पुढे चालत राहिलो.

कमिटीची बैठक भरली. रावसाहेबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, बाईंनी गुन्हा स्वतःच कबूल केला आहे, आता आपला नाइलाज आहे. मी उठलो. हात दिला होता की नाही, ते विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं आणि आवाज वखारीत ठेवून विचारलं नाही. रावसाहेब शांत होते. म्हणाले, "किसनराव, पत्र तुम्हीच आणलंत ना?"

मी बाईंकडून लिहून घेतलं होतं आणि रावसाहेबांकडून नुसता हात घेतला होता. चौथी शिकलेला माणूस सुद्धा ही चूक धंद्यात करत नाही. मी केली, कारण मला घाई होती, आणि घाई माझ्या घरची होती.

बाईंना राजीनामा द्यायला लावला. जूनमध्ये त्यांच्या जागेवर रावसाहेबांची भाचेसून आली. बाईंनी मागितलेल्या दोन्ही गोष्टी मात्र मिळाल्या. सोमाचं नाव राहिलं, जुने हजेरीपट कुणी उघडले नाहीत, इंदूचं लग्न झालं. त्यांनी मागितलं ते त्यांना मिळालं आणि मी मागितलं ते बुडालं. दोघांत व्यवहार कुणाला कळत होता, ते यावरून ठरवा.

त्यानंतर मी बाईंना एकदाच पाहिलं. जुलै असेल. पाऊस भुरभुरत होता आणि मी गिरणीपाशी गाडी उभी करून भाजे गावाहून येणाऱ्या माणसाची वाट बघत होतो. शाळा सुटायला तासभर होता. रस्त्याने बाई आल्या, बरोबर सोमा. छत्री सोमाच्या डोक्यावर. गेटापाशी बाई थांबल्या. दगडू स्टुलावरून उठला, त्याने नमस्कार केला आणि गेट उघडून उभा राहिला. बाई आत गेल्या नाहीत. त्यांनी छत्री मिटली, सोमाच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि बोटाने आत दाखवलं. तो गेला. मागे वळून बघत गेला, पण गेला.

बाई तासभर गेटाबाहेर उभ्या राहिल्या. ज्या शाळेत त्यांनी इतकी वर्षं शिकवलं तिच्या भिंतीला टेकून, पावसात, मिटलेली छत्री हातात. मला वाटलं जाऊन बोलावं. पण गाडीतली गवताची दोरी पुन्हा पुन्हा आवळत बसलो. घंटा झाली. पोरं बाहेर फुटली. सोमा पाच-सहा पोरांत होता आणि एक पोरगा त्याला हातवारे करून काहीतरी सांगत होता, बहुतेक सापाचीच गोष्ट. बाईंनी तो दिसेपर्यंत वाट पाहिली. मग तो ज्या बाजूला निघाला त्याच्या उलट्या बाजूला वळल्या, आणि भराभर चालत गेल्या. सोमाने इकडेतिकडे पाहिलं, बाई दिसल्या नाहीत, मग तो पोरांबरोबर गेला.

पुढच्या वर्षी बाई गाव सोडून गेल्या. कपाट शाळेतच राहिलं. भाचेसूनबाईंनी ते रिकामं करून घेतलं असं दगडूने सांगितलं.

हे वर्तमानपत्रासाठी लिहायच्या आधी मी तळेगावला जाऊन इंदूला विचारलं. तिला आता दोन मुलं आहेत, आणि नवऱ्याला तिने सगळं केव्हाच सांगून टाकलं आहे. मी उगीच इतकी वर्षं धाक बाळगला. ती म्हणाली, "आबा, लिहा. माझं नाव घालून लिहा." ते घातलं. माझी घाईही लिहिली. माझ्या वाटणीचं मी लपवलेलं नाही.

आता राहिले रावसाहेब. ते हयात आहेत, कमिटीवर आहेत, आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. रावसाहेब, तुमची बाजू या गावात कुणी विचारली नाही, म्हणून मी विचारतो. तुमच्या हातावर माझा हात पडला तेव्हा भाचेसुनेची जागा ठरलेली होती की नव्हती? दर वर्षी पुण्याच्या त्या इस्पितळातून एखादं मूल परत येतं, आणि ते गेटापाशी एकटं उभं असतं. त्याला आत कुणी न्यायचं? मी रोज संध्याकाळी वखारीच्या ओट्यावर असतो. चार माणसं असतील तेव्हा या आणि सांगा. येताना बाईंचं ते पत्र घेऊन या. ते मी दिलं होतं, ते मला परत पाहिजे.